रस्ता चालकालाही विचारा

(कोरमंगला, बेंगळुरू येथे झालेल्या मालमोटार, बस व टॅक्सी चालकांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ मालमोटार चालकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला दिलेला विषय आहे 'नवे महामार्ग: गुणवत्ता, सुरक्षितता आणि चालकांचे मत'. विषय वाचून मला थोडे हसू आले. एकतीस वर्षे मी मालमोटार चालवली. सांगली जिल्ह्यातून क्लीनर म्हणून निघालो, उस्तादाच्या शिव्या खात शिकलो आणि पुणे–बेंगळुरू रस्त्यावर आयुष्य काढले. एवढ्या काळात मला प्रश्न दोनच विचारले गेले. मालकाने विचारले, डिझेल किती लागले? पोलिसांनी विचारले, डोळा लागला होता का? रस्ता कसा आहे, हा तिसरा प्रश्न आज पहिल्यांदा आपण विचारलात, म्हणून आभार.

कानडी बांधवांसाठी मी मधूनमधून त्यांच्या भाषेत सांगेन. माझी कानडी ढाब्यावरची आहे, संभाळून घ्या.

प्रथम खरे ते कबूल करू. रस्ते सुधारले आहेत. ज्यांनी जुना चार नंबरचा हायवे पाहिला त्यांना हे सांगायला नको. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांत, डाव्या बाजूला तुटलेली साइडपट्टी, खंबाटकीला एक गाडी बंद पडली की मागे मैलभर रांग. पुण्याहून भरलेली गाडी इथे यायला तिसरा दिवस उजाडायचा. ६ जानेवारी १९९९ रोजी सुवर्ण चतुष्कोन योजनेची पायाभरणी झाली, पुढे हाच रस्ता चौपदरी झाला, काही ठिकाणी सहापदरी. आज तीच खेप दीड दिवसात होते. त्यामुळे कोणी असे समजू नये की आम्ही रस्त्यांच्या विरोधात आहोत. रस्ता हे आमचे कामाचे ठिकाण आहे. गिरणीतल्या कामगाराने यंत्राला जाळी बसवा म्हटले, तर तो गिरणीच्या विरोधात नसतो.

आता दुसरी बाजू. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ६१,०३८ माणसे राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर. या महामार्गांची लांबी देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के आहे. म्हणजे सर्वांत चांगल्या म्हटलेल्या दोन टक्के रस्त्यांवर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मृत्यू. त्याच अहवालात कारणांचा तक्ता आहे आणि त्यात दहातल्या सात मृत्यूंपुढे 'अतिवेग' असे लिहिले आहे. अतिवेग असतो, मी नाकारत नाही. आपल्यातले काहीजण गाडी कशी हाकतात ते आपण सगळे जाणतो. पण अतिवेग हा शब्द लिहिला की पुढची चौकशी थांबते. गाडीला तो वेग कुठे मिळाला, तिथे उतार किती होता, पुढे रस्ता अरुंद झाला का, पाटी होती का, हे मग कोणी पाहत नाही.

म्हणून मी आज आकड्यांपेक्षा रस्त्यानेच जाणार आहे. इथून निघू आणि पुण्याकडे जाऊ.

इथून निघताना सिल्क बोर्डला तासभर जाईल, तो हिशेबात धरत नाही. बाहेर एजिपुऱ्याच्या उड्डाणपुलाचे खांब आपण येताना पाहिलेच. अडीच किलोमीटरचा पूल. काम २०१७ मध्ये सुरू झाले, २०२२ मध्ये ठेका रद्द झाला, २०२३ मध्ये नव्याने हात घातला. त्या खांबांखालून इतकी वर्षे रोज गाडी काढणाऱ्या टॅक्सीवाल्या बांधवांना मी गुणवत्तेबद्दल वेगळे काय सांगणार?

तुमकूर रस्त्याला लागलो की नेलमंगल येते. २१ डिसेंबर २०२४, शनिवारची सकाळ. बेंगळुरूहून सांगली जिल्ह्याकडे आपल्या गावी निघालेले एक कुटुंब मोटारीत होते. पलीकडच्या बाजूने येणारा कंटेनर दुभाजक ओलांडून आला आणि त्या मोटारीवर आडवा झाला. सहाजण जागच्या जागी गेले, त्यांत मुले होती. पुढची मोटार अचानक थांबली, तिला वाचवायला मी गाडी वळवली, असे कंटेनरच्या चालकाने सांगितल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. त्याचे खरे-खोटे न्यायालय पाहील. मी फक्त दुभाजकाबद्दल बोलतो. आपल्या बहुतेक महामार्गांवर दुभाजक म्हणजे फूट-दीड फूट उंचीचा कठडा आणि त्यावर कण्हेरीची झाडे. समोरचा दिवा डोळ्यांवर येऊ नये यासाठी झाडे चांगली. पण तीस-चाळीस टनांची गाडी त्याने अडत नाही, उलट चाक चढून गाडी कलंडते. काही रस्त्यांवर उंच काँक्रीटचा किंवा तारेच्या दोरांचा अडथळा असतो, तो गाडीला पलीकडे जाऊ देत नाही. मग तो सगळीकडे का नाही? त्या मोटारीच्या चालकाची चूक काय होती? तो आपल्या बाजूने, आपल्या पट्टीत चालला होता.

पुढे चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी ओलांडून हुबळीला आलो. इथे जुन्या चालकांचा हात आपोआप गिअरवर जायचा. इकडून चौपदरी, तिकडे धारवाडनंतर पुन्हा चौपदरी, आणि मध्ये सुमारे तीस किलोमीटरचा हुबळी–धारवाड बायपास नुसता दुपदरी. टोल घ्यायचे ते वेगळेच. चारशे किलोमीटर चौपदरीवर आलेला नवखा चालक, समोरून गाडी येणारच नाही अशी त्याच्या डोळ्यांना सवय झालेली, आणि एकदम समोरासमोरची वाहतूक. १५ जानेवारी २०२१ रोजी पहाटे दावणगेऱ्याच्या शाळासोबती बायका गोव्याला निघाल्या होत्या. धारवाडजवळ इटिगट्टीला त्यांची टेम्पो ट्रॅव्हलर आणि टिपर समोरासमोर आदळले. दहाहून अधिक माणसे गेली, बहुतेक त्या मैत्रिणीच. त्यानंतर आक्रोश झाला, घरच्या लोकांनी दाद मागितली आणि रुंदीकरणाचा प्रश्न हलला. बंधूंनो, ही जागा वाईट आहे हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर कितीतरी वर्षे बोलले जात होते. क्लीनर पोरालासुद्धा माहीत होते. पण ढाब्यावरचे बोलणे कोणत्या फायलीत जाणार?

सरकारची एक व्याख्या आहे, ती ऐका. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की त्या जागेला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात आणि मग ती दुरुस्त करायची. व्याख्या असावी, त्याशिवाय काम होत नाही, हे मान्य. पण जी जागा दहा खेपांत आम्हाला कळते, तिच्यासाठी दहा प्रेते कशाला मोजायची?

आता निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा करत पुण्याच्या वेशीवर येऊ. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार आहे. पुण्याकडून आलेल्या बांधवांना या जागेचे नाव काढले तरी पोटात गोळा येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका टँकरने जवळजवळ अठ्ठेचाळीस गाड्यांना ठोकरले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी एक कंटेनर उतारावरून सुटला, गाड्या पेटल्या, आठ माणसे गेली. दर वेळी वाचायला काय मिळते? 'ब्रेक निकामी' किंवा 'चालकाने गाडी न्यूट्रल केली होती'.

इथे मला आपल्याच माणसांशी जरा स्पष्ट बोलायचे आहे. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे आपल्यात आहेत. कशासाठी? डिझेल वाचावे म्हणून. मालक खेपेला ठरावीक डिझेल देतो, वर लागले तर पगारातून कापतो, वाचले तर ते चालकाचे. घरी पैसे पाठवायचे असतात, दोन लिटर वाचले तर वाचले. पण गिअर काढला की इंजिनाची पकड सुटते. मग चाळीस टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रम तापतो, लायनर तापते, वास येतो, आणि तापलेले लायनर पकडत नाही. पायाखाली ब्रेक असतो पण गाडी थांबत नाही. त्या अवस्थेत इंजिन बंद पडले तर स्टिअरिंगही दगड होते. आणि ज्या डिझेलसाठी हे केले ते तरी वाचते का? नव्या गाड्यांत, गिअरमध्ये राहून पाय काढला तर उतारावर पंप डिझेल सोडतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे जळतच राहते. उस्तादांनी जुन्या गाडीवर शिकवलेली युक्ती नव्या गाडीवर उलटी पडते. हे कोणी शिकवले नाही, कारण परवाना काढताना उतार शिकवतात कुठे? ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे वाक्य प्रत्येक क्लीनर पोराला पाठ करून द्या.

एवढे आपले माप आपल्या पदरात घातले. आता रस्त्याचे. एक चालक न्यूट्रल करतो, ही त्याची चूक. पण वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या राज्यांचे, वेगवेगळ्या गाड्यांचे चालक एकाच जागी चुकत असतील, तर ती जागा चालकाला चुकवते. लांब उतार, उताराच्या तळाशी शहर, तिथेच सर्व्हिस रस्ता येऊन मिळणार, तिथेच बससाठी लोक उभे. वेगमर्यादेच्या पाट्या लावल्या, कॅमेरे लावले, मर्यादा आणखी खाली आणली. ठीक आहे. पण ब्रेक गेलेल्या गाडीला पाटी वाचता येते का? सुटलेली गाडी वाळूत किंवा चढावर नेऊन थांबवण्याची वाट उताराच्या कडेला असली, आणि उतार सुरू होण्याआधी ब्रेक तपासायला अवजड गाड्यांना सक्तीचा थांबा असला, तर चालकाच्या हाती काही उपाय राहतो.

पुण्याच्या पुढे नवे रस्ते आणखी मोठे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मी त्यावरून गेलो आहे. रस्ता म्हणून खोट काढायला जागा कमी. पण तिथे मला जी झोप येते, तशी जुन्या रस्त्यावर कधी आली नाही. जुना रस्ता आपल्याला झोपूच देत नव्हता. खड्डा, बैलगाडी, गाव, गतिरोधक, गिअर बदल. इथे एकच वेग, एकच गिअर, पांढरे काँक्रीट, इंजिनाचा एकसुरी आवाज. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा थांबायला जागा नव्हती, चहा नाही, संडास नाही, पंप थोडे. थांबल्याशिवाय जाता यावे म्हणून रस्ता बांधला, पण चालकाला थांबावे लागते हे विसरले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळाली. टायर फुटला की डोळा लागला यावर पुढे बराच वाद झाला. माझे म्हणणे एवढेच, की मध्यरात्री दीड वाजता त्या रस्त्यावर चालकाचा डोळा लागणार नाही, असे रस्ता बांधणाऱ्याने गृहीत धरू नये.

थांबायची जागा नसली की चालक काय करतो? कडेच्या पट्टीत गाडी लावून झोपतो. मागून येणाऱ्याला ती अंधारात दिसत नाही, आणि दोन चालकांची घरे उघडी पडतात. आणि मग उभ्या गाडीच्या चालकाला दोष देतात. धोरणात दर चाळीस ते साठ किलोमीटरला सुविधा केंद्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी चालकांसाठी एक हजार विश्रामगृहांची घोषणा केली. स्वागत आहे. पण आपण जाता-येता पाहा, जिथे मोटारींना थाटाची जागा असते, तिथे मोठ्या गाडीला आत वळताच येत नाही आणि पहारेकरी हात हलवून पुढे पाठवतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींची केबिन वातानुकूलित असावी असा नियम झाला, तोही चांगला. मात्र त्या गार केबिनमध्ये चौदा तास बसवायचे नाही, हे आधी ठरले पाहिजे. आठ तासांचा नियम आपल्या धंद्याला १९६१ च्या कायद्याने दिला. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत मिसळला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि आठ तास तिच्यातही आहेत. आपल्यापैकी आठ तास चालवून गाडी उभी करणारा कोण आहे? हात वर करा. (सभेत हशा.) दिसले.

आता घराजवळचा रस्ता, बेंगळुरू–म्हैसूर. ११८ किलोमीटर. १२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झाले आणि त्याच आठवड्यात रामनगरजवळ पावसाचे पाणी रस्त्यावर साचले. २०२२ च्या पावसातही तिथे तेच झाले होते. पहिल्या काही महिन्यांत माणसे किती मेली ते आपण पाहिले. आत येणारा कुठून येईल आणि बाहेर जाणारा कुठे वळेल याचा पत्ता लागत नव्हता, आणि दोन्हीकडच्या गावांतली माणसे कुंपण ओलांडून पलीकडच्या शेतात जात होती. १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाक्या, रिक्षा आणि ट्रॅक्टर मुख्य रस्त्यावरून बंद केले, कॅमेरे बसले. तेव्हा मीही दंडाच्या पावत्यांवर कुरकुर केली होती. पण मृत्यू कमी झाले हे खरे आहे, आणि खरे ते संघटनेच्या व्यासपीठावरूनही सांगितले पाहिजे. रिक्षावाल्या बांधवांचे दुखणे मात्र शिल्लक आहे. त्यांना सर्व्हिस रस्त्यावर पाठवले, आणि तो सलग नाही अशी त्यांची तक्रार आहे. ज्याला मुख्य रस्त्यावर बंदी करायची, त्याचा रस्ता आधी पुरा करावा.

आता कायद्याचे. माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, ठेकेदाराचे नाव घेत नाही. कर्नाटकात एका ठिकाणी रुंदीकरण चालले होते. रात्री तीन वाजता, अंधारात, वळण रस्त्याची पाटी नाही, दिवा नाही, फक्त मातीचा ढीग. मी गाडी ढिगावर घातली. माझा क्लीनर, एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याचा पाय मोडला. पंचनाम्यात आले 'चालकाच्या हयगयीने व भरधाव वेगाने'. सकाळी उजाडले तेव्हा तिथे पाटी होती, नवी कोरी, दोरीसह. साडेतीन वर्षे तारखा केल्या, शेवटी सुटलो. तो पोरगा आज गावी टपरी चालवतो आणि थंडीत लंगडतो.

त्यावेळी रस्त्याला जबाबदार धरणारे कलमच नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आले. रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत किंवा देखभालीत मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले वा अपंग झाले, तर ठेकेदाराला, सल्लागाराला वा अधिकाऱ्यांना दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. आणि आपल्यासाठी? भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात, अपघात करून खबर न देता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, त्या यासाठीच. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवला गेला. जखमीला टाकून पळावे असे मी कधीच म्हणणार नाही. पण जमाव कोणाला मारतो, गाडी कोणाची पेटवतो, हे पाहिलेले डोळे आपले आहेत. चालकाला दहा वर्षे आणि रस्ता चुकवणाऱ्याला एक लाख, हा हिशेब कोणत्या तराजूचा?

रस्ता तपासला तर माणसे वाचतात, याचा पुरावा आपल्याकडे आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्यानंतर त्या मार्गाची जागेवर जाऊन तपासणी झाली, उघडे काँक्रीटचे कोपरे झाकले, कठड्यांमधली भगदाडे बुजवली, आणि चार-पाच वर्षांत आकडा निम्म्याच्या आसपास आला. चालक तेच होते, गाड्या वाढल्याच होत्या.

तेव्हा या मेळाव्यापुढे ठराव आहे तो असा, की नवा रस्ता वाहतुकीला खुला करण्याआधी आणि पुढे दरवर्षी सुरक्षा तपासणी होते, तिच्यात त्या रस्त्यावर नियमित गाडी चालवणारे चालक बसावेत, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. अपघाताची नोंद आता ई-डार पद्धतीने संगणकावर होते, तीत रस्त्याच्या स्थितीचे रकाने आहेत, ते कोरे सोडू नयेत आणि चालकाचा जबाब त्यात यावा. डिझेलच्या ठरावीक वाटपाचा प्रश्न मालकांच्या संघटनांशी वेगळा बोलायचा आहे, त्यावर दुपारी चर्चा ठेवली आहे. टोलबद्दलची भाषणे मी मुद्दाम केली नाहीत. टोल मालक भरतो आणि त्याच्यासाठी बोलणारे पुष्कळ आहेत.

ठराव मंजूर होईल, पण आपले काम आजपासून सुरू होते. दाराशी टेबलावर छापील कागद ठेवले आहेत, मराठीत, कानडीत आणि हिंदीत. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या तीन वाईट जागा लिहायच्या. 'ढाब्याच्या पुढे' असे लिहू नका. किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहा, कोणत्या बाजूची पट्टी ते लिहा, दिवसा की रात्री त्रास होतो ते लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन विद्यार्थी बसले आहेत, त्यांना तोंडी सांगा. रस्त्यावर असताना १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक फिरवा आणि तक्रारीचा नंबर याच कागदावर टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पंचनाम्यात 'भरधाव' लिहायला बसलेल्या माणसापुढे तो ठेवता येईल. कागद जेवणाआधी द्या, जेवणानंतर निम्मे लोक गाडीत झोपायला जातात हे मला माहीत आहे.